जुलैची जेएलपीटी: पुणे की लंडन?

अमेरिकेत जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रवीणता परीक्षा, फक्त डिसेंबरात होते. ज्यांना थांबणं परवडतं त्यांनी थांबावं, त्यातल्या त्यात जवळच्या केंद्रावर गाडी घेऊन जावं आणि पेपर देऊन यावं. हे लिहितोय ते ज्यांना जुलै गाठायचीच आहे त्यांच्यासाठी. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं कारण एकच, जपानच्या उच्चकुशल व्हिसाच्या गुणांची बेरीज. तिथे ७० गुण लागतात आणि त्यात या परीक्षेच्या एन२ पातळीचे १०, सगळ्यात वरच्या एन१चे १५ धरले जातात. जुलैचा निकाल ऑगस्टअखेर लागतो, डिसेंबरचा जानेवारीअखेर. कंपनी हो म्हणून बसलेली असेल तर मधले पाच महिने फार वाटतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना तेव्हा दोन रस्ते सुचतात: पुणे किंवा लंडन. दोन्हीकडे जुलैत परीक्षा असते आणि मी दोन्हीकडे एन२ला बसलोय. खुद्द जपान मी धरलेलं नाही, तिथे आपला ना पत्ता ना मुक्काम.

पुण्याच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. फी कमी, राहणं घरचं, जेवण घरचं. शहरात जपानी शिकणारे इतके की मॉडेल पेपरपासून जुन्या सेनसेईंच्या, म्हणजे शिक्षकांच्या, वह्यांपर्यंत सगळं एका फोनवर मिळतं. प्रमाणपत्राचाही एक मुद्दा आहे. परदेशातल्या परीक्षेचं प्रमाणपत्र ज्या देशात पेपर दिला तिथल्या आयोजक संस्थेमार्फत येतं, निकालानंतर बऱ्याच दिवसांनी. पुण्यात ते हाती घ्यायला बाबा आहेत. लंडनमध्ये माझं कोण आहे?

लंडनला खर्च जास्त, हे सांगायला नको. त्यात भारतीय पासपोर्ट असेल तर ग्रीन कार्ड असलं तरी ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो. बोटांचे ठसे, बँकेची कागदपत्रं, सगळं आलं. अमेरिकी पासपोर्टवाल्यांचं ईटीए या ऑनलाइन प्रवास-परवानगीवर भागतं. आणि एच-१बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना एक सांगणं: परत येण्यासाठी लागणारा पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असेल तर दोन्ही विसरा आणि डिसेंबर धरा. ‘पुण्याला जातोच आहे तर स्टॅम्पिंगही उरकू’ हा बेत कागदावर छान दिसतो. पण मुलाखतीची तारीख परीक्षेची तारीख बघून मिळत नाही.

इथवर पुणं पुढे आहे. मी पहिल्यांदा पुणंच निवडलं ते याच हिशेबाने. माझ्यासाठी पारडं फिरलं ते चोकाईमुळे, म्हणजे ऐकण्याच्या पेपरमुळे.

जुलैत न्यू जर्सी आणि पुणे यांत साडेनऊ तासांचा फरक असतो. पेपर सकाळी असो की दुपारी, आपल्या शरीराच्या घड्याळात तेव्हा रात्रच असते. दुपारचा दीड म्हणजे तिकडचे पहाटेचे चार. शब्द, व्याकरण आणि वाचनाचा १०५ मिनिटांचा पेपर त्यातही निभतो. डोळे मिटायला लागले तर ओळ पुन्हा वाचता येते. नंतर ५० मिनिटांची चोकाई येते आणि तिथे पुन्हा काही नसतं, सगळं एकदाच ऐकवतात. त्यातला तो झटपट उत्तरांचा भाग आठवा. प्रश्नपत्रिकेवर काहीही छापलेलं नाही, एकजण एक वाक्य बोलतो, पाठोपाठ तीन उत्तरं कानावर पडतात, गोल काळा करेपर्यंत पुढचं वाक्य सुरू. तिथे मला अर्ध्या सेकंदाची डुलकी लागायची. झोप म्हणावी अशी नाही, पण पहिलं उत्तर ऐकलेलं असायचं आणि तिसरं ऐकलेलं असायचं, मधलं गायब. शाळेच्या वर्गात पंख्याची घरघर, खिडकीबाहेर पाऊस आणि स्कूटरचे हॉर्न. आवाजाला कोणी वाईट म्हणणार नाही, पण जागं ठेवेल असंही त्यात काही नव्हतं. एकूण १८०पैकी ९० मिळाले तरी प्रत्येक विभागात ६०पैकी १९ लागतातच, त्यामुळे वाचनाच्या जोरावर चोकाई ओढून नेता येत नाही.

यावर लोक म्हणतात, दहा दिवस आधी जा, झोप जुळेल. झोप जुळते, मान्य. पण दहा दिवस आधी कोथरूडात उतरलेल्या माणसाला कोणी अभ्यास करू देत असेल तर मला त्या घराचा पत्ता द्या. ‘आलाच आहेस तर’ने सुरू होणारी वाक्यं मी मोजायची सोडून दिली. शिवाय मुंबई धरून जाणं-येणं, घाटातला पाऊस, वर हे दहा दिवस. वर्षाची रजा तिथेच संपते.

लंडनशी फरक फक्त पाच तासांचा. तिथले दुपारचे दीड म्हणजे घरचे सकाळचे साडेआठ. चहा झालेला असतो आणि डोकं नुकतं चालू लागलेलं असतं. जुलैचा पहिला रविवार चार जुलैच्या आसपासच पडतो, त्यामुळे रजाही फारशी मोडत नाही. मात्र तिकिटं त्याच कारणाने महाग होतात. मी रात्रीचं विमान घेतलं, सकाळी हीथ्रोला उतरलो, पिकॅडिली लाइनने थेट रसेल स्क्वेअर. परीक्षेचं काम बघणारं सोआस विद्यापीठ तिथून पायी आहे. ब्लूम्सबरीत उन्हाळ्यात विद्यापीठांची वसतिगृहं भाड्याने मिळतात. खोली म्हणजे पलंग, टेबल आणि दिवा, आणखी काय हवं? शनिवारी दिवसभर जुन्या चोकाईच्या फाइली ऐकल्या. कोणाचा फोन नाही, कोणाचं केळवण नाही. रविवारी ती मधली उत्तरं ऐकू आली.

एका माणसाच्या झोपेवरून नियम निघत नाही, हे मलाही कळतं. तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर लंडनही आठ तासांवर जातं आणि माझं अर्धं गणित ढासळतं. मूल लहान असेल, आजी-आजोबांकडे उन्हाळा काढायचा ठरलेलाच असेल, तर पुणं सोडू नका, फक्त जूनच्या मध्याला पोचा. लंडनच्या जागा लवकर भरतात, तेव्हा नोंदणीची तारीख फेब्रुवारीपासून बघत राहा. व्हिसा लागणार असेल तर त्याची कागदपत्रं तेव्हाच जमवायला घ्या. आणि परतीचं विमान सोमवारचं काढा, चोकाईत घड्याळाकडे बघायची वेळ नको.

बायको पुढच्या जुलैत एन३ला बसणार आहे. तिला मी लंडन सुचवलं होतं. ती पुण्याला जाणार म्हणते. तिला विमानात गाढ झोप लागते, शिवाय ‘आलीच आहेस तर’ म्हणणाऱ्यांना ती सरळ नाही म्हणू शकते.