सिंगल-स्टेज की टू-स्टेज: बफेलोच्या बर्फासाठी स्नो ब्लोअर निवडताना

अमेरिकेतल्या बफेलो परिसरात नव्याने घर घेतलेली मराठी कुटुंबे ऑक्टोबर उजाडला की हमखास विचारतात, की पेट्रोलवर चालणारा स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून बाजूला फेकणारे यंत्र, सिंगल-स्टेज घ्यावा की टू-स्टेज. (इथल्या दुकानात ‘गॅस’ म्हणतात ते आपले पेट्रोलच.) या शहरात वर्षाला सरासरी सुमारे 95 इंच बर्फ पडतो आणि नोव्हेंबर 2022 मध्ये हॅम्बर्ग व ऑर्चर्ड पार्क या उपनगरांत काही दिवसांतच 80 इंचांच्या आसपास बर्फ साचला होता. तरीही या आकड्यांना घाबरून मोठे यंत्र घेऊ नये, असे माझे मत आहे. आधी आपल्या ड्राइव्हवेचे तोंड पाहावे. रस्ता साफ करणारा प्लाउ ट्रक जाताना तिथे ओल्या, मिठाळलेल्या बर्फाचा जो बांध टाकून जातो, तो रात्रीतून दगडासारखा गोठतो आणि यंत्राची खरी परीक्षा तिथेच होते.

सिंगल-स्टेजमध्ये बर्फ गोळा करणारा आणि फेकणारा भाग एकच असतो. त्याची रबरी पाती जमिनीला घासत जातात, त्यामुळे डांबर अगदी स्वच्छ निघते आणि पात्यांच्या ओढीनेच यंत्र पुढे सरकते. वजन साधारण 40 किलो असल्याने गॅरेजच्या कोपऱ्यात ते सहज मावते. सहा-आठ इंच ताज्या बर्फाला ते उत्तम आहे. गोठलेल्या बांधावर मात्र ते आत न शिरता वर चढू पाहते. ड्राइव्हवे खडीचा असेल तर त्याचा विचारच करू नये, कारण पाती खडे उचलून भिरकावतात.

टू-स्टेजमध्ये ऑगर हा दातेरी पोलादी फिरता भाग बर्फ कापतो आणि मागचा इम्पेलर, म्हणजे फिरता पंखा, तो वेगळ्या जोराने फेकतो. चाकांना इंजिनाची शक्ती मिळते, रिव्हर्स असतो आणि यंत्राचे तोंड जमिनीपासून वर धरणाऱ्या खालच्या स्किड शूजची उंची वाढवून खडीवरही काम करता येते. वजन बहुधा 80 किलोंच्या पुढे जाते, म्हणून पायऱ्या असलेल्या जागी ते निरुपयोगी आहे. बांधात दडलेला लाकडाचा तुकडा ऑगरमध्ये अडकला तर मुद्दाम कमकुवत ठेवलेली शेअर पिन (shear pin) तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. जादा पिना जवळ ठेवाव्यात आणि त्यांच्या जागी साधा बोल्ट कधीही घालू नये.

इंधनाची काळजी दोन्हींना सारखीच घ्यावी लागते. नवी यंत्रे बहुतेक फोर-स्ट्रोक असतात, म्हणजे ऑइल वेगळे आणि पेट्रोल वेगळे. जुने सिंगल-स्टेज विकत घेत असाल तर ते टू-स्ट्रोक आहे का, हे आधी विचारावे, कारण त्यात ऑइल मिसळलेलेच पेट्रोल लागते. पेट्रोलमध्ये इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंत चालते, पण 15 टक्के इथेनॉलचे पेट्रोल या इंजिनांसाठी नाही. माझ्या पहिल्या यंत्रात मार्चमधले पेट्रोल तसेच राहिले आणि नोव्हेंबरमध्ये दोरी ओढून खांदा भरून आला, तरी ते सुरू झाले नाही. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाला पिवळट चिकट थर होता आणि जेटचे सुईएवढे छिद्र बुजले होते. तेव्हापासून मी कॅन भरतानाच पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर घालतो आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो.

पेट्रोल भरायचे ते बाहेर आणि इंजिन थंड झाल्यावरच. दार उघडे असले तरी गॅरेजमध्ये यंत्र सुरू करू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीत चोक पूर्ण लावून, प्रायमर (इंजिनात थोडे पेट्रोल ढकलणारे रबरी बटण) दोन-तीनदा दाबून दोरी ओढावी आणि इंजिन तापेल तसा चोक हळूहळू काढावा. ओला बर्फ तो बाहेर फेकणाऱ्या नळीत अडकला तर, यंत्र कोणतेही असो, आधी इंजिन बंद करावे, पाती पूर्ण थांबू द्यावीत आणि सोबत मिळालेल्या दांड्यानेच तो काढावा. इंजिन बंद असतानाही पाती अचानक फिरू शकतात, म्हणून हात आत घालायचाच नाही.

दोन गाड्यांचा ड्राइव्हवे वर्दळीच्या, वारंवार प्लाउ होणाऱ्या रस्त्याला लागून असेल, तर 24 इंच रुंदीचा टू-स्टेज घ्यावा. शहरातल्या चिंचोळ्या, एका गाडीच्या वाटेला सिंगल-स्टेज पुरतो. बांध तेवढा गोठण्याआधी, रात्रीच फावड्याने फोडून ठेवावा लागेल. आपण गावाला गेल्यावर घरातले दुसरे कोणी यंत्र चालवणार असेल, तर त्या व्यक्तीलाच दुकानात नेऊन ते ढकलायला आणि वळवायला लावावे.