सिलिंगच्या लाइट पॅनलमध्ये मला कसं गंडवलं

नाशिकला माझा गणिताचा क्लास आहे, हॉलला दोन बाय दोन फुटांचं ग्रिड सिलिंग, म्हणजे पट्ट्यांच्या चौकोनी जाळीचं आणि त्यातल्या १४ चौकोनांत ट्यूबलाइटखाली दुधी प्लास्टिकचे पॅनल. जुने पिवळे पडले होते, दोन-तीन तडकलेले, म्हणून ओळखीतून एका सिलिंगवाल्याला बोलावलं. माणूस बोलायला एकदम गोड. "मॅडम, तीन एमएमची ॲक्रिलिक टाकतो, दहा वर्षं बघायला नको." १२० रुपये स्क्वेअर फूट, आठ बाय चारच्या ३ शीट, झाले ११,५२० रुपये आणि मजुरी वेगळी. बिल कच्चं. मी पण चालवून घेतलं.

आता हिशोब बघा, जो मी गणित शिकवत असूनही केला नाही, हसू नका. एका शीटमधून दोन बाय दोनचे ८ तुकडे निघतात, म्हणजे १४ पॅनलला २ शीट पुरून वर २ तुकडे उरतात. विचारलं तर म्हणे वेस्टेज जातं. अहो कसलं वेस्टेज, ६०० एमएमच्या ग्रिडला पॅनल ५९५ चा कापतात, पात्याची जागा त्यातच सुटते!

माल त्याने कापूनच आणला, शीटवर चिकटलेली संरक्षक फिल्मसुद्धा काढलेली. मला वाटलं किती टापटीप माणूस. फिल्म गेली की तिच्यावरचा छापही जातो, मग शीट कुठली, किती जाडीची, नुसतं बघून कळत नाही हे तेव्हा कुठं डोक्यात येणार.

तीन आठवड्यांनी एक पॅनल मागच्या बाकावर पडून चक्काचूर. रविवार होता म्हणून वाचलो. शेजारचा उतरवून मोजला तर ५८० भरला. सिलिंगवाल्याच्या पोऱ्याने खालून दिसतं जवळपास तेवढंच माप घेतलं होतं, पॅनल ज्यावर टेकतो त्या ग्रिडच्या टी-पट्टीची रुंदी २४ एमएम, म्हणजे खालून ५७६ च दिसतं, मग ५८० चा तुकडा दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन एमएमवर टेकणार आणि जरा एकीकडे सरकला की दुसरीकडून सुटणार.

तुकडा घेऊन नेमप्लेटवाल्याकडे गेले. त्याने टिचकी मारली आणि म्हणाला, "ताई, हे ॲक्रिलिक नाहीच, पॉलिस्टायरिन आहे, स्वस्तातलं प्लास्टिक." लायटर लावून दाखवला, काळाकुट्ट धूर, काजळीचे धागे हवेत तरंगायला लागले, वास तर असा की डोकं धरलं. मग स्वतःकडची ॲक्रिलिकची पट्टी पेटवली, धूर जवळपास नाहीच आणि वास गोडसर, फळासारखा. जाडीपण मोजली, २ एमएम. ट्यूबच्या उजेडात पिवळं पडतं ते हेच, म्हणजे जे काढून टाकलं तेच मी पैसे देऊन परत बसवलं.

सध्या त्या नेमप्लेटवाल्याकडूनच ४ पॅनल करून घेतलेत, समोर उभं राहून. फिल्म तशीच ठेवून स्टीलच्या पट्टीला धरून कटर पाच-सहा वेळा ओढला, खोल खाच पडली, मग टेबलाच्या कडेवर दाबून टक्क करून मोडलं. इतकं सरळ काम आहे हो, तुमच्या दारात बसून कापून द्यायला कुणाला काही अडचण नसते. जो कापूनच आणतो म्हणेल त्याला आधी फिल्मसकट अख्खी शीट दाखवायला लावा.

सिलिंगवाल्याला फोन केला तर आधी "साइटवर आहे मॅडम", मग उचलणंच बंद. तिसऱ्या शीटचं विचारलं होतं तेव्हा म्हणाला होता, उरलेले तुकडे गाडीत राहिलेत, उद्या आणून देतो. ती गोष्ट दिवाळीच्या आधीची.