फ्रेंच अनुवाद इथूनच करून न्यावा, की तिकडे पोहोचल्यावर? कागदपत्रांचा तुलनात्मक आढावा

फ्रान्सला निघालेल्या मुलामुलींचे पालक मला हमखास विचारतात, "जन्मदाखल्याचं फ्रेंच भाषांतर इथेच करून दिलं तर चालेल ना?" मी पुण्यात फ्रेंच-मराठी-इंग्रजी अनुवाद करते, म्हणजे हे काम माझ्याकडेच येणार असतं. तरीही बहुतेकांना मी थांबायला सांगते. कागद शेवटी कोणत्या टेबलावर जाणार आहे हे ठरल्याशिवाय अनुवादावर पैसे घालू नयेत.

थोडक्यात मत आधीच सांगते. फ्रान्समध्ये राहायला जात असाल, तर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाने केलेलं प्रमाणन) केलेला दाखला इथून न्या आणि अनुवाद तिथल्या शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्या. कॅनडाला, अगदी तिथल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातही जात असाल, तर कागद इंग्रजीत असल्यास फ्रेंच अनुवादाची गरज बहुधा पडत नाही. आणि फ्रान्समधला कागद महाराष्ट्रातल्या कामासाठी हवा असेल, तर अनुवाद इथेच करावा.

शिक्का कुणाचा?

फ्रान्समध्ये अधिकृत अनुवाद करणाऱ्याला 'त्राद्युक्तर असेरमांते', म्हणजे शपथ घेतलेला अनुवादक म्हणतात. त्याचं नाव तिथल्या अपील न्यायालयाच्या तज्ज्ञ-यादीत असतं. अशी ३६ अपील न्यायालयं आहेत आणि प्रत्येकाची यादी सगळ्यांना पाहता येते. पहिली नोंद ३ वर्षांसाठी असते, पुढे ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. म्हणून अनुवादक निवडताना त्याचं नाव चालू वर्षाच्या यादीत आहे का, हे आधी बघा. तो अनुवादावर आणि मूळ कागदाच्या प्रतीवरही शिक्का मारतो, दोन्हींवर एकच क्रमांक घालतो आणि अनुवाद मुळाबरहुकूम असल्याचं लिहून सही करतो. प्रेफेक्त्युरमध्ये, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या कार्यालयात, कारकून सगळ्यात आधी हा शिक्काच शोधतो.

भारतात अशी देशपातळीवरची शपथबद्ध अनुवादकांची व्यवस्थाच नाही. १९५२ च्या नोटरी कायद्याप्रमाणे नोटरीला अनुवाद करण्याचा आणि तपासण्याचा अधिकार आहे, पण प्रत्यक्षात फ्रेंच येणारा नोटरी कुठून मिळणार? त्यामुळे तो अनुवादकाच्या सहीची खात्री देतो, मजकुराची नाही. फ्रेंच शिकवणाऱ्या आलियाँस फ्राँसेझसारख्या संस्थांचा किंवा अनुभवी अनुवादकाचा अनुवाद भाषेच्या दृष्टीने उत्तम असू शकतो. पण फ्रान्समधलं एक कार्यालय तो घेईल आणि दुसरं "शपथबद्ध अनुवादकाचा आणा" म्हणून परत पाठवेल. परत आला, की दुसऱ्यांदा पैसे भरायचे आणि मध्ये आठवडे गेले ते वेगळेच.

मग भारतातला अनुवाद कधी उपयोगी? व्हिसाच्या टप्प्यावर कागद पूर्ण मराठीत असेल, तर त्याचा इंग्रजी किंवा फ्रेंच अनुवाद इथेच करावा लागतो. इंग्रजी कागद त्या टप्प्यावर सहसा चालतात. नोकरी देणारी कंपनी, घरमालक किंवा विद्यापीठातले प्राध्यापक यांना नुसतं समजण्यापुरतं काही हवं असेल, तरी इथला अनुवाद पुरतो. पदव्यांच्या तुलनेचा दाखला फ्रान्समध्ये एनिक-नारिक हे केंद्र देतं. तिथे इंग्रजी कागद चालतात, तेव्हा इंग्रजी गुणपत्रिकांचा गठ्ठा आधीच फ्रेंचमध्ये करून घेणं म्हणजे उगीच खर्च.

खर्चाचं गणित असं: फ्रान्समधला शपथबद्ध अनुवादक एका पानाला साधारण ३० ते ६० युरो घेतो. इथे त्याच पानाला बरंच कमी पडतं. पण जन्मदाखला एकाच पानाचा असतो. तेवढ्या फरकासाठी परवान्याचं काम अडकवून घेणं मला पटत नाही. शिवाय फ्रान्समधल्या अनुवादकाला भेटावं लागत नाही, स्कॅन पाठवला तरी बहुतेक जण काम सुरू करतात. इथे बसूनही त्यांच्याकडून अनुवाद मागवता येतो.

खरी अडचण दाखल्यातच असते

फ्रान्समध्ये मराठीसाठी शपथ घेतलेले अनुवादक मोजकेच आहेत, इंग्रजीसाठी मात्र पुष्कळ. म्हणून निघण्याआधी सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडून नव्याने मराठी-इंग्रजी दाखला काढणं. जुना, शाईने लिहिलेला, फक्त मराठीतला दाखला नेलात, तर आधी मराठीतून इंग्रजी आणि मग इंग्रजीतून फ्रेंच अशी दोन टप्प्यांची साखळी होते. प्रत्येक टप्प्यावर नावाचं एखादं अक्षर इकडचं तिकडे व्हायची भीती.

आता हा दाखला जवळून पाहू. जन्मदाखल्याच्या ठरलेल्या 'नमुना ५' मध्ये बाळाचं नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचं पूर्ण नाव, वडिलांचं पूर्ण नाव, जन्माच्या वेळचा पत्ता, कायमचा पत्ता, नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख आणि शेरा असे रकाने असतात. फ्रान्सला जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं लागतात. ती इथे असतातच, म्हणून हा दाखला पुरेसा ठरतो. शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रसूतिगृहाची चिठ्ठी त्याच्या जागी चालत नाही.

पहिला अडणारा रकाना बाळाच्या नावाचा. कित्येक जुन्या दाखल्यांत तो रिकामाच असतो, कारण बारसं नंतर झालं आणि नोंद करायची राहून गेली. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे वर्षभरात नाव विनामूल्य घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तुमच्या दाखल्यात नाव नसेल, तर अनुवादाचा विचार पुढे ढकला आणि आधी निबंधकाकडे जा. अनुवादक रिकाम्या रकान्यात स्वतःहून नाव घालू शकत नाही, आणि घालूही नये.

दुसरा रकाना आईच्या नावाचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आपल्याकडे आईचं नाव लग्नानंतरचं लिहिलेलं असतं: स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. फ्रान्सच्या नोंदींत बाई आयुष्यभर जन्माच्या आडनावानेच ओळखली जाते. तिथला कारकून विचारतो, आईचं माहेरचं आडनाव कुठे आहे? ते दाखल्यात नसतं आणि अनुवादकही ते मनाने लिहीत नाही. म्हणून आईवडिलांच्या लग्नाचा दाखला किंवा माहेरच्या नावाचं प्रतिज्ञापत्र सोबत न्यावं. हे कागद घरातल्या कपाटात असतात, पण पॅरिसमधून फोन करून शोधायला सांगायचं म्हटलं की सगळ्यांचीच धावपळ होते.

तिसरी गोष्ट नावाच्या स्पेलिंगची. दाखल्यात एक, पासपोर्टवर दुसरं आणि पदवीवर तिसरंच. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं नाव, कुठे आहे तर कुठे गायब. फ्रेंच अर्जात आडनाव आणि नाव असे दोनच रकाने असतात, त्यामुळे वडिलांचं नाव तुमच्याच दुसऱ्या नावासारखं तिथे जाऊन बसतं आणि पुढे बँकेपासून विमा कार्डापर्यंत सगळीकडे तसंच छापलं जातं. अनुवादाने स्पेलिंग दुरुस्त होत नाही. दाखला पासपोर्टशी जुळवून घ्यायचं काम इथेच, जिथे नोंद झाली त्या कार्यालयात, आधी उरका.

अपॉस्टिल आधी, अनुवाद नंतर

भारत २००५ पासून हेग अपॉस्टिल करारात आहे, फ्रान्सही आहे. मूळ दाखल्यावर आधी राज्य शासनाचं साक्षांकन घ्यायचं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये, बाकी खर्च सेवा देणाऱ्या एजन्सीचा. अपॉस्टिल झाल्यावर अनुवाद करायचा, म्हणजे त्याचाही मजकूर अनुवादात येतो. उलट क्रम केलात, तर अपॉस्टिलच्या मजकुराचा अनुवाद राहून जातो आणि काही कार्यालयं तेवढ्यावरून कागद परत करतात. दाखला लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, मग नवा दाखला काढण्याशिवाय गत्यंतर नाही.

फ्रान्समध्येच लग्न करायचं असेल, तर परदेशी जन्मदाखला ६ महिन्यांपेक्षा जुना नसावा असा सर्वसाधारण नियम आहे; जिथे जन्मनोंदीत नंतरचे बदल चढवले जात नाहीत, अशा देशांच्या दाखल्यांना मात्र तो लागू नाही. तरी खूप आधी काढून ठेवलेला दाखला चालेल का, हे तिथल्या नगरपालिकेला आधी विचारा. आपल्या जन्मनोंदीत लग्नाची नोंद कधीच चढत नाही. त्यामुळे अविवाहित असल्याचा वेगळा दाखला लागतो, तो पॅरिसमधल्या भारतीय दूतावासातून मिळतो.

कॅनडा, बेल्जियम, स्वित्झर्लंड

क्वेबेकच्या नावाने लोक उगाच धसका घेतात. तिथलं इमिग्रेशन खातं फ्रेंच किंवा इंग्रजी कागद घेतं, कॅनडाच्या संघराज्याचं (केंद्र सरकारचं) खातंही तसंच. मराठी-इंग्रजी दाखल्यावर इंग्रजी मजकूर आहे, मग फ्रेंचवर खर्च कशाला? निव्वळ मराठी कागद असेल, तरच अनुवाद लागतो. क्वेबेकमध्ये तो तिथल्या अनुवादकांच्या व्यावसायिक संघटनेच्या, म्हणजे 'ओतियाक'च्या सदस्याकडून करून घेणं सर्वांत सोपं. संघराज्याच्या अर्जासाठी भारतातल्या अनुवादकाचा अनुवाद चालतो, पण त्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. अर्जदाराने स्वतः किंवा घरच्यांनी केलेला अनुवाद चालत नाही, मामा फ्रेंचचे प्राध्यापक असले तरी. कॅनडाने अपॉस्टिल ११ जानेवारी २०२४ पासून लागू केलं आहे.

बेल्जियममध्ये शपथबद्ध अनुवादकांची राष्ट्रीय नोंदवही आहे, स्वित्झर्लंडमध्ये दर कँटनचा, म्हणजे प्रांताचा, नियम निराळा. तिथेही स्थानिक अनुवादकच धरा.

उलट दिशा: फ्रेंचमधून आपल्याकडे

ही दिशा मला जास्त जवळची. फ्रान्समधल्या लियाँमध्ये मूल झालं, तर भारतीय नागरिकत्वासाठी वर्षाच्या आत दूतावासात नोंद करावी लागते, आणि फ्रेंच जन्मदाखल्याचा इंग्रजी अनुवाद मागतात. इथे एक सोपी सोय आहे: मेरी, म्हणजे तिथली नगरपालिका, जन्मनोंदीचा बहुभाषिक उतारा विनामूल्य देते. त्यात रकान्यांची नावं इंग्रजीतही असतात. हा उतारा ज्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळतो, त्याचा भारत सदस्य नाही, म्हणून तो चालेल का हे आधी विचारा. चालला, तर अनुवादाचा खर्च वाचतो. फ्रेंच पदवी भारतात वापरायची असेल, तर विद्यापीठाकडेच इंग्रजी प्रत मागा.

आणि वारसाचं काम. फ्रान्समध्ये राहणारे कुणी वारले आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वारस नोंदीसाठी अर्ज करायचा, मग फेरफार होणार. इथे शपथबद्ध फ्रेंच अनुवादक तुम्हाला फारसा उपयोगी नाही, कारण कागद मराठीत वाचला जाणार आहे. फ्रेंच मृत्युदाखल्यावर आधी फ्रान्समध्ये अपॉस्टिल घ्या. ते पूर्वी अपील न्यायालयातून मिळायचं, मे २०२५ पासून तिथल्या नोटरींकडून मिळतं. मग फ्रेंचमधून थेट मराठी अनुवाद इथे करून नोटरीची सही घ्या. मृत व्यक्ती भारतीय नागरिक असेल, तर दूतावासात मृत्यूची नोंद करून इंग्रजी दाखला घेता येतो, तो त्याहून बरा.

याच्या उलट, सातबारा फ्रान्समधल्या नोटरीला दाखवायचा असेल, तर मराठी नीट कळणाऱ्या माणसाकडूनच काम करून घ्या. भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ यांच्यात विक्रीच्या अधिकाराचा मोठा फरक असतो. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव किंवा बँकेचा बोजा असतो. हे फ्रेंच नोटरीला समजेल अशी छोटी टीप अनुवादकाने द्यावी लागते. क्षेत्राचा रकाना मात्र त्याला लगेच वाचता येईल, कारण हेक्टर आणि आर फ्रान्समध्येही चालतात.