खेळ झकास, सात नंबरचं कार्ड फसलेलं

नातवाच्या सातव्या वाढदिवसाला उत्क्रांती शिकवणारा खेळसंच मागवला. साडेसातशे रुपये. कंपनीचं नाव घेत नाही. चूक एकाच कार्डाची आहे, बाकी सामान चांगलं आहे. पुठ्ठा जाड, लाकडी बिया गुळगुळीत, चित्रं देखणी. चोची म्हणून दिलेल्या तीन प्लॅस्टिकच्या चिमट्यांपैकी एकाची स्प्रिंग दुसऱ्या दिवशी निघाली, ते असो.

संचातली गोष्ट पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस द्वीपसमूहाची, तिथल्या डॅफ्नी मेजर बेटावरची. १९७७ साली तिथे पाऊस नावालाच पडला. मऊ, बारीक बिया फिंच नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांनी संपवल्या, उरलं ते टणक काटेरी बी. हे बी आपल्या सराट्याच्याच कुळातलं! सायकलच्या ट्यूबा ज्याने फोडल्या, त्या सराट्याने मी नातवाला लगेच गोष्टीत ओढलं.

आणि मग आलं सात नंबरचं कार्ड : ‘दुष्काळ पडल्यावर पक्ष्यांनी हळूहळू आपल्या चोची मोठ्या केल्या.’

पाच मिनिटांनी पाहते तर चिरंजीव आरशापुढे नाक ओढत उभे. “आजी, रोज ओढलं तर किती दिवसांत होईल?”

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, हीच समजूत खोडताना घसा कोरडा व्हायचा. शेवटी संच बाजूला ठेवला आणि घरातलंच सामान काढलं : भुवयांचा चिमटा, पापडाचा चिमटा, माझा जुना अडकित्ता. ताटात मूग आणि सुपाऱ्या. मूग होते तोवर भुवयांचा चिमटा सगळ्यांच्या पुढे. मूग संपले. आता सुपारी फोडेल तो जगेल. (अडकित्ता माझ्याच हातात, हे सांगायला नकोच.)

“चिमटावाला मेला?”

“मेला.”

“मग त्याने अडकित्ता का नाही घेतला?”

“चोच जन्मताना मिळते राजा, बदलून मिळत नाही.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे अडकित्तेवाल्यांनाच पिल्लं होणार.” एवढंच तर कार्डावर लिहायचं होतं! पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ जोडप्याच्या चमूने तिथे प्रत्यक्ष चोची मोजल्या. दुष्काळाआधीच्या पक्ष्यांपेक्षा वाचलेल्यांची चोच सरासरीने जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त जाड भरली. पट्टीवर दाखवलं तर नातू म्हणाला, “एवढुश्शी?”

१९८३ च्या धो धो पावसानंतर बारीक बिया वाढल्या आणि पारडं छोट्या चोचींकडे झुकलं, ते मात्र संचात नाहीच. एक पावसाचं कार्ड घालायला काय हरकत होती?

खोक्यावर ‘वय ५+’ आहे. मी सात म्हणेन, कारण यात पक्षी मरतात आणि त्यावर मूल अडतं. पाचपैकी साडेतीन तारे.

सात नंबरच्या कार्डावर आता पांढरी पट्टी चिकटवली आहे. त्यावर नातवाच्या अक्षरात : ‘बारीक चोचवाले मेले. जाडे उरले. त्यांना पील्लं झाली.’ वेलांटी चुकलीय, पण ती मी खोडली नाही.