निवारा की भाड्याची खोली?

फुटपाथवरच्या माणसाला छप्पर मिळवून देताना, त्याच्याकडे ओळखीचे कागद नसतील, तर महापालिकेचा बेघर निवारा आधी. त्याच रात्री झोपायला जागा मिळते, डिपॉझिट लागत नाही. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या दाखल्यावर आधारला पत्ता लागतो, मग बँक खातं, रेशन कार्ड मार्गी लागतं. माणशी 50 चौरस फुटांचा निकष आहे, तो कागदावरच राहतो म्हणा. खरी अडचण वेगळीच: नवरा-बायकोची बऱ्याचदा ताटातूट होते, हातगाडी आत घेत नाहीत, आणि गाडीपायी माणूस परत फुटपाथ गाठतो.

कागद आणि रोजची कमाई असेल, तर सरळ खोली बघा. डिपॉझिट, 11 महिन्यांचा नोंदणीकृत करार, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, एवढं जमतं. खोली सुटते ती पावसाळ्यात. नाक्यावर काम मिळत नाही, भाडं थकतं, मालक डिपॉझिटमधून कापून घेतो. म्हणून उन्हाळ्यातच दोन महिन्यांचं भाडं खात्यात साठवायला लावा, मालकाकडे तुमचा नंबर ठेवा आणि सुरुवातीला दर आठवड्याला चक्कर मारा. सबमीटरचा, म्हणजे मालकाने खोलीला लावलेल्या वेगळ्या वीजमीटरचा, युनिटचा दर मात्र आधीच लिहून घ्या. भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात.