असिमोव्ह विकत घेताना: सातचा संच नको, सुटी पुस्तकं घ्या

आयझॅक असिमोव्हनं (१९२०–१९९२) लिहिलेली आणि संपादित केलेली मिळून पाचशेच्या वर पुस्तकं आहेत. त्यात बायबल आणि शेक्सपिअरवरच्या मार्गदर्शिका आहेत, जीवरसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तकही आहे. विज्ञानकथा हा त्यातला लहान हिस्सा, तरी तोही एवढा आहे की नवा वाचक सरळ ऑनलाइन जातो आणि समोर दिसेल तो सगळ्यात जाडजूड संच मागवतो. जळगाव-धुळ्याच्या बहुतेक दुकानांत स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यांपुढे इंग्रजी कादंबऱ्यांना जागा नसते, म्हणजे चाळून बघायची सोय नाही. म्हणून हा आढावा.

आधी 'फाउंडेशन', कोसळत्या आकाशगंगा-साम्राज्याची ही कादंबरीमालिका. सात पुस्तकांचा जो संच मिळतो त्यातली मूळची तीनच: 'फाउंडेशन' (१९५१), 'फाउंडेशन अँड एम्पायर' (१९५२) आणि 'सेकंड फाउंडेशन' (१९५३). या तिन्हींतला बहुतेक मजकूर १९४२ ते १९५० या काळात 'अस्टाउंडिंग' मासिकात कथांच्या रूपात येऊन गेलेला होता. त्यानंतर जवळपास तीस वर्षं काहीच नाही. मग वाचकांच्या आणि प्रकाशकाच्या तगाद्यामुळं १९८२ आणि १९८६ मध्ये पुढचे दोन भाग आले, आणि १९८८ व १९९३ मध्ये आधीची गोष्ट सांगणारे दोन. शेवटचा तर लेखक गेल्यावर निघाला.

घोळ होतो तो क्रमांकांचा. काही ठिकाणी कथेतल्या काळाप्रमाणे क्रम दिलेला असतो, त्यात १९८८ चं 'प्रील्यूड टू फाउंडेशन' पहिलं येतं. तिथून सुरुवात केली की मूळ पुस्तकांची अर्धी गंमत गेलीच म्हणून समजा. मूळ रचना अशी आहे: हॅरी सेल्डन हा गणिती पहिल्याच प्रकरणांत येतो आणि जातो. पुढे दर संकटाला त्याची आधीच नोंदवून ठेवलेली प्रतिमा प्रकट होते, आणि वाचकाला पात्रांपेक्षा काडीचंही जास्त ठाऊक नसतं. 'प्रील्यूड' तोच पडदा आधी उचलतं. तेव्हा प्रसिद्धीच्या क्रमानंच वाचा आणि तिसऱ्यावर थांबलात तरी काही बिघडत नाही. चौथ्या भागाला विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला हे खरं, पण नंतरचे भाग जवळपास दुप्पट जाड आहेत आणि ती जाडी बव्हंशी वादविवादाची आहे. रोबॉटच्या कथा आणि फाउंडेशन ही दोन वेगळी विश्वं ओढूनताणून जोडायचा खटाटोपही त्यांतच सुरू होतो.

मूळ कल्पना मात्र आजही पक्की आहे. सेल्डनचं 'सायकोहिस्टरी' हे शास्त्र समूहाचं भविष्य सांगतं, एका माणसाचं नाही. रावेरचा एखादा शेतकरी यंदा केळी लावेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही, पण अख्ख्या तालुक्याचा अंदाज बांधता येतो. आणि तो अंदाज गावोगाव जाहीर झाला की जो तो आपली लागवड बदलतो, अंदाज कोसळतो. असिमोव्हच्या दोन्ही अटी याच आहेत: संख्या प्रचंड हवी आणि लोकांना भाकित ठाऊक नको. साम्राज्य कोसळल्यावरचं तीस हजार वर्षांचं अंधारयुग हजारावर आणायची योजना या दोन अटींवर उभी आहे, आणि दुसऱ्या पुस्तकात ती नेमकी कुठून तडकते ते वाचण्यासारखं आहे. मलपृष्ठावरचा मजकूर आधी वाचू नका, काही आवृत्त्यांत तो नको तेवढा बोलतो.

पण सुरुवात फाउंडेशननं करूच नये. 'आय, रोबॉट' (१९५०) घ्या. नऊ कथा, एका बैठकीत एक संपते. 'रनअराउंड' ही १९४२ ची कथा नमुन्याला पुरेशी आहे. बुध ग्रहावर स्पीडी नावाच्या रोबॉटला सेलेनियम आणायला पाठवलंय आणि तो सेलेनियमच्या डबक्याभोवती गोल गोल फिरत बसलाय. कारण असं: असिमोव्हच्या रोबॉटांना तीन नियम घालून दिलेले असतात. पहिला म्हणतो माणसाला इजा होऊ देऊ नको, दुसरा म्हणतो आज्ञा पाळ, तिसरा म्हणतो स्वतःला जप. स्पीडी महागडा, म्हणून त्याचा तिसरा नियम मुद्दाम कडक केलेला. आज्ञा मात्र सहज बोलल्यासारखी, जोर न देता दिलेली. डबक्याजवळ धोका वाढतो तसा तो मागे सरतो, लांब गेला की आज्ञा पुन्हा ओढते. दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात त्या वर्तुळावर तो अडकतो. माणसं रसायन टाकून धोका वाढवून बघतात, तर तो नव्या तोलावर दुसरं वर्तुळ धरतो. शेवटी पहिला नियम कसा वापरला जातो ते कथेतच वाचा. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोरांना यात आपल्याच कोडमधला लूप दिसेल.

विज्ञान कुठे शिळं झालंय तेही सांगायला हवं. बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते असं तेव्हा मानत. १९६५ मध्ये रडारनं दाखवलं की तो सुमारे ५९ दिवसांत स्वतःभोवती फिरतो. 'द डाइंग नाइट' या रहस्यकथेचा उलगडाच त्या जुन्या समजुतीवर बेतलेला आहे. फाउंडेशनमध्येही आकाशगंगाभर साम्राज्य आहे, पण संगणक जवळपास नाहीत आणि जो तो सिगार ओढतोय. पहिल्या पुस्तकात बायकाही औषधापुरत्याच. ही उणीव रोबॉटकथांतली रोबॉट-मानसशास्त्रज्ञ सुझन कॅल्विन आणि फाउंडेशनच्या पुढच्या पुस्तकांतल्या बेटा व आर्केडी ही पात्रं थोडीफार भरून काढतात.

भाषेचा मुद्दा आपल्याकडच्या वाचकांना महत्त्वाचा. शहाद्याच्या किंवा चाळीसगावच्या मराठी माध्यमातल्या बारावीच्या मुलाला इंग्रजी कादंबरी सुरू करायची असेल तर यापेक्षा सोपा लेखक सांगणं कठीण. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, निसर्गवर्णन जवळजवळ शून्य. साहित्यिक मंडळी याच सपाटपणाला नावं ठेवतात, आणि कादंबऱ्यांपुरतं त्यांचं म्हणणं बरोबरही आहे. 'पॉझिट्रॉनिक'सारखे शब्द डिक्शनरीत शोधत बसू नका, ते कथेपुरते आहेत.

पैसे वाया जातात ते एकाच कथेला दोनदा मोजण्यात. 'द कम्प्लीट रोबॉट' (१९८२) मध्ये ३१ कथा आहेत आणि 'आय, रोबॉट'च्या नऊही त्यात आहेत. नाही ती फक्त त्यांना जोडणारी सुझन कॅल्विनची मुलाखत. 'रोबॉट व्हिजन्स'मध्येही पुन्हा त्यातल्याच बऱ्याच, 'रोबॉट ड्रीम्स'मध्ये काही. घरी 'आय, रोबॉट' ठेवा. ब किंवा क वर्गाच्या ग्रंथालयानं एकच घ्यायचं तर 'कम्प्लीट' घ्यावं.

दुसरा सापळा मुखपृष्ठाचा. 'रोबॉट सिटी' या मालिकेवर असिमोव्हचं नाव ठळक असतं, लेखक दुसरेच. 'कॅलिबन' या कादंबरीचंही तेच. लहान अक्षरांतलं नाव बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. 'नाइटफॉल'ही दोन आहेत: १९४१ ची कथा, आणि रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या लेखकाबरोबर ताणून केलेली १९९० ची कादंबरी. सहा सूर्यांच्या ग्रहावर २०४९ वर्षांनी एकदा अंधार पडतो, ही गोष्ट कथेतच भेदक आहे.

दुकानदाराकरवी मागवायचं तर नाव सांगून भागत नाही, आवृत्तीचा तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) लिहून द्या. फूटपाथवरची स्वस्त प्रत असेल तर पान उजेडात धरा. मागची अक्षरं आरपार दिसली, मुखपृष्ठाची छपाई पुसट असली किंवा समास वाकडातिकडा असला तर ती चोरटी छपाई, मधली पानं गायब असण्याची दाट शक्यता. तिन्ही फाउंडेशन एकाच खंडात घेऊ नका. नुसत्या डिंकावर चिकटवलेला जाड खंड आपल्या मे महिन्यात, पारा ४४-४५ ला गेला की, मधोमध तडकतो. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका. ग्रंथालयानं जुजबांधणी (दोऱ्यानं शिवलेली बांधणी) करून घ्यावी.

रहस्यकथेची आवड असेल तर 'द केव्ज ऑफ स्टील' (१९५४) आणि मग 'द नेकेड सन' (१९५७). दुसऱ्यात सोलारिया हा ग्रह आहे: वीस हजार माणसं, माणशी दहा हजार रोबॉट, आणि समोरासमोर भेटण्याचीच किळस असलेल्या समाजात एक खून.

शेवटी 'द गॉड्स देमसेल्व्हज' (१९७२). ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळालेली कादंबरी. तीन भागांतला मधला, तीन लिंगांच्या परग्रहवासीयांचा भाग ही असिमोव्हची सगळ्यात धाडसी पानं, तिसरा भाग मात्र ढिला. हे पुस्तक प्रकरण ६ पासून सुरू होतं. तसं ते मुद्दामच केलंय आणि पहिल्याच पानावर लेखकाची टीपही आहे, तेव्हा आधीची पाच प्रकरणं गळाली म्हणून परत पाठवू नका.