सोसायटीची टाकी: क्लोरीन, यूव्ही की आरओ?

२०२५च्या जानेवारीत पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले. काहींच्या तपासणीत दूषित पाण्यातूनही पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला. तेव्हापासून सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुठलं मशीन घ्यायचं यावर वाद रंगतो. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: शुद्ध केलेलं पाणी पुढे किती तास आणि कुठे साठून राहणार आहे?

पुण्यात उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. महापालिकेचं किंवा टँकरचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येतं, मग गच्चीवर चढतं आणि तिथून नळाला उतरतं. मधे दोन टाक्या आणि बरेच पाईप. शुद्धीकरणानंतर शिरलेली घाण मारण्याची ताकद फक्त क्लोरीनमध्ये असते, कारण तो पाण्यात शिल्लक राहतो. म्हणून अख्ख्या सोसायटीसाठी आमचं मत क्लोरीनलाच.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, वाईट नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, यूव्हीपुढे मात्र टिकत नाही. पण दिव्यासमोरून पाणी पुढे सरकलं की संरक्षण संपलं. त्यामुळे यूव्हीची जागा स्वयंपाकघरातल्या नळाजवळ, पंपहाउसमध्ये नाही. पाणी गढूळ असेल तर किरण अडतात. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा. बोअरचं जड पाणी असेल तर दिव्याभोवतीच्या काचनळीवर क्षारांचा थर बसतो. दिवा निळसर दिसत राहतो आणि जीवाणू सुखरूप पलीकडे जातात. सुमारे ९,००० तासांनी, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षाने, दिवा पेटत असला तरी बदलायचा.

आरओ (बारीक पडद्यातून पाणी दाबून गाळणारं मशीन) घ्यायचा तो क्षारांसाठी, जीवाणूंसाठी नव्हे. खडकवासला धरणाचं पाणी मुळातच कमी क्षारांचं. त्याला आरओ लावणं म्हणजे पाणी वाया घालवणं. शिवाय पडदा वाचवण्यासाठी आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. मग त्याच फिल्टरवर आणि आरओच्या साठवण टाकीत जीवाणू निवांत वाढतात. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर असेल आणि दुसरं पाणीच नसेल, तर मात्र इलाज नाही.

क्लोरीनचा हिशोब सोपा आहे. १०,००० लिटरच्या टँकरला लिटरमागे २ मिलिग्रॅम धरले तर २० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या टीसीएल पावडरमध्ये (ब्लीचिंग पावडर) साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणजे ६० ग्रॅम पावडर. उघड्या पोत्यातली जुनी पावडर २५ टक्क्यांवर उतरली असेल तर ८० ग्रॅम. १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) वापरलं तर २०० मिलिलिटर. पावडर बादलीत कालवून अर्धा तास निवळू द्या. वरचं नितळ पाणी टाकी भरत असतानाच ओता, तळाचा चुना टाकून द्या. निदान अर्धा तास थांबल्याशिवाय पाणी वर चढवू नका. डोसिंग पंप (ठरलेला डोस आपोआप सोडणारा) बसवला तर हायपोतून सुटणारा वायू पंपात अडकून डोस बंद पडतो, आणि मोटरचा आवाज येत असल्याने ते कुणाच्या लक्षात येत नाही. मोजल्याशिवाय पंपावर विश्वास नको.

मोजायचं सर्वांत लांबच्या फ्लॅटच्या नळाला. तिथे मुक्त क्लोरीन (जंतू मारायला मोकळा असलेला) किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा. साथ असेल तर ०.५. पिवळा रंग देणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी स्वस्त आहे, पण ती मुक्त आणि अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीन यांत नीट फरक करत नाही. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात नेमका दुसराच जास्त असतो. थोडे जास्त पैसे देऊन गुलाबी रंग देणारा डीपीडी किट घ्या. नेहमीच्या डोसला क्लोरीन अचानक शून्य दाखवू लागला तर आत शिरलेली घाण तो संपवत असावी; लॅबच्या रिपोर्टची वाट पाहू नका. ड्रेनेज चेंबर टाकीला खेटून आहे का, भिंतीला तडा आहे का, ओव्हरफ्लो पाईपला जाळी आहे का, झाकणाची कड जमिनीच्या वर आहे का, हे त्याच दिवशी बघा. आमच्या मते मशीनआधी पैसे इथेच घालावेत.

जीवाणू शोधायला दोन रस्ते आहेत. एच२एसची (हायड्रोजन सल्फाइड वायू बनवणारे जीवाणू ओळखणारी) बाटली पाण्याने भरून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. काळी झाली तर पाणी संशयास्पद. स्वस्त आणि वॉचमनलाही जमणारी, पण विष्ठेतला ई. कोलाय जीवाणू आहे की नाही हे ती सांगत नाही, आणि बोअरच्या पाण्यातल्या निरुपद्रवी गंधक-जीवाणूंनीही काळी होते. म्हणून ती चाळणी म्हणून ठीक. निर्णयासाठी लॅबच हवी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये. ‘थोडे आहेत’ हे उत्तर चालत नाही.

नमुना लॅबच्याच निर्जंतुक बाटलीत घ्या. तिच्या तळाशी क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असतं, ती विसळू नका. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवा. एक नमुना जमिनीखालच्या टाकीचा, एक गच्चीचा, एक शेवटच्या नळाचा. तिन्ही एकाच दिवशी घेतले तरच घाण कुठे शिरते ते कळतं: पहिला स्वच्छ आणि दुसरा दूषित आला, तर आधी गच्चीवर चढा.